कोरे तळपाय

त्या साली दुष्काळ असा होता, की आमच्याकडच्या चिमण्या पाणी प्यायला बिदरकडं जायच्या आणि परत आल्या की आठवडाभर कानडीत चिवचिवायच्या. पटत नसेल तर सोडून द्या. पण विहिरीच्या तळाशी पाण्याऐवजी माणसं दिसायची, आणि ती वाट्या घेऊन झऱ्यापाशी नंबर लावून बसलेली असायची, हे तर कुणीही सांगेल. त्यातच आमचा लातूर जिल्हा नवा नवा झालेला. उस्मानाबादेतून आम्ही फुटून निघालो आणि गावातला पाट्या रंगवणारा पेंटर एकदम कलेक्टरपेक्षा मोठा माणूस झाला. पाट्या आधी तयार झाल्या, कचेऱ्या मागून यायच्या होत्या. एका दारावर एकाखाली एक तीन खात्यांच्या पाट्या मी स्वतः पाहिल्यात. आत खुर्ची एकच. साहेब लोक तिच्यावर पाळीपाळीनं बसायचे, आणि ज्याची पाळी नसेल तो साहेब बाहेर चहाच्या गाड्यावर साधा माणूस असायचा.

मी बी.ए. होऊन बापाची भाकर मोडत होतो. अंगात गुण एकच, तो म्हणजे तोंड. जन्मताना ह्याची आधी जीभ बाहेर आली, मागून डोकं आलं, असं आजी म्हणायची. अशा माणसाला नोकरी कोण देणार? पण शहरातून एक बाई आल्या. मोठ्या शिकलेल्या, संशोधन करणाऱ्या. त्यांचा विषय असा की दुष्काळात घरातल्या मोठ्यांचे हात लेकरांवर किती उठतात, उपाशी कुणाला ठेवतात, टाकून कुणाला जातात. गावोगाव जाऊन आठ पानांचा फॉर्म भरायला त्यांना इकडची बोली येणारी पोरं पाहिजे होती.

"लोकांना बोलतं करता येईल तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"मॅडम, मी म्हशीला बोलतं करतो. आमच्या गल्लीतली एक म्हैस तर अजून गप्प बसंना."

त्या हसल्या आणि मला घेतलं. कामाचा नियम त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितला. समोरचा जे उत्तर देईल तेच जसंच्या तसं लिहायचं, पदरचं घालायचं नाही. आपल्याला काय दिसलं त्यासाठी फॉर्मच्या शेवटी दोन ओळी ठेवल्यात, त्या तेवढ्याच.

पहिला आठवडा हात हलवत गेला. जळकोटच्या बाजूला एका घरी भाकरी थापणाऱ्या बाईला विचारलं, "लेकरांना मारता का कधी?"

"न्हाई गं माय! लेकराला कोन मारतंय? फुलावानी जपतो," ती म्हणाली, आणि मान न वळवता मागं फुंकणी भिरकावली. ती अचूक लागली. कोपऱ्यातलं लेकरू कोकललं. मी लिहिलं, 'नाही.'

सगळीकडं हेच. मारणारं एकही घर नाही आणि रडणारं लेकरू घरोघर. बाकीच्या पोरांनी 'नाही, नाही' लिहून गठ्ठे जमा केले. मी मात्र तोड काढली. प्रश्न विचारायचाच नाही. आधी आपला मार सांगायचा.

"आमच्या बापानं मला लिंबाला उलटं टांगलं होतं," मी बाजेवर टेकता टेकता सुरू करायचो. "खाली मिरच्यांची धुरी. त्या धुरीनं लिंबावरचे कावळे खाली पडले, पण मी शिंकलो नाही."

झालं. आमच्या मुलखात माणूस सगळं ऐकून घेईल, पण माराच्या बाबतीत दुसऱ्याच्या खाली राहणार नाही. "ते काईच न्हाई," समोरचा म्हणायचा. "आमच्या म्हाताऱ्यानं मला आडात सोडलं होतं दोरीनं." मग तो आडातून वर आला की मी हळूच विचारायचो, "आणि आता तुमची पोरं?" तोवर त्याला रंगत चढलेली. आपण बापापेक्षा कमी नाही हे दाखवायला तो सगळं ओकायचा. दोर कोणता, काठी कशाची, पोरगं किती वेळ ओरडलं. शेजारी येऊन भर घालायचे. बाईमाणसं चुलीपासून ओरडून सांगायच्या, "अन् ते परवाचं सांगा की!"

मी एक अक्षर पदरचं न घालता लिहून घ्यायचो. थापा तोंडी, खरं कागदावर, असा चोख धंदा. मॅडम माझे फॉर्म बाकीच्या पोरांना वाचून दाखवायच्या. "असं लिहून आणा," म्हणायच्या. पहिल्या पगारात मी कॅनव्हासचे पांढरे बूट आणि मोजे घेतले. दुष्काळात मोजे घालून हिंडणारा अख्ख्या जिल्ह्यात बहुतेक मी एकटाच.

देवणीच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेला लागून एक गाव होतं. तिथं एका घरी देवणी जातीचा वळू होता. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा, खांदा असा की त्यावर जिल्हा परिषदेची मीटिंग भरावी. पंचक्रोशीतल्या गाई त्याच्याकडं फळवायला यायच्या, त्यामुळं त्याच्या मालकाला गाव दबून असायचं. माणसं पाण्याविना सुकत होती आणि वळूचं अंग दोन दिसाआड धुतलं जात होतं. ते पाणी आणणारी एक पोरगी होती. असेल नऊ-दहाची. मालक तिचा मामा. बाप मेलेला, आईनं शिवेपलीकडच्या गावात दुसरं घर केलेलं, आणि पोरगी मामाकडं टाकलेली.

मी ओसरीवर बसलो. हातात कागद दिसले की सगळी गावं मला मास्तरच म्हणायची. मामा, मामी, शेजारचे चारपाच गडी. लिंबाचं झाड, मिरच्यांची धुरी, पडलेले कावळे, सगळं सांगून झालं. मामानं स्वतःचं सांगितलं. मग गोष्ट डागांवर आली.

आमच्याकडं पोट दुखो, कावीळ होवो, लेकराला धाप लागो, इलाज एकच. खुरपं चुलीत लाल करायचं आणि पोटावर टेकवायचं. माझ्या बेंबीभोवती चार आहेत. आजीनं दिलेले. देताना ती माझ्यापेक्षा जास्त रडली होती. ते चार खरे. मी सदरा वर करून दाखवले.

"चारच?" मामा म्हणाला. त्यानं सदरा वर केला. "सहा हायती."

"हिलाबी दोन दिले," मामीनं अंगणातल्या पोरीकडं बोट केलं. ती वळूपुढच्या घंगाळात घागर रिकामी करत होती. "पोट दुखतंय म्हनायची. पोट थांबलं मास्तर, पन पाय थांबनात. तीनदा पळाली आईकडं. तिकडं तो बाप्या दारात उभा करंना, ह्यांनी जाऊन आनायचं. तवर पान्याच्या खेपा कोन करील? जनावर तहानलेलं ऱ्हातंय."

आता इथं गप्प बसायला काय हरकत होती? पण मैफल रंगली होती आणि मामाकडं सहा डाग होते, माझ्याकडं चार.

"पायाचं औषध पायालाच द्यायला पाहिजे," मी म्हणालो. "मी शाळेतून पळायचो ना. आजीनं खुरपं असं लाल केलं, की अंधारात त्याच्या उजेडावर शेजाऱ्यांनी जवारी निवडली. अन् दिला एकेक दोन्ही तळव्यांना. तेव्हापासून पाय जो बसला, तो बी.ए. होईपर्यंत उठला नाही."

माणसं खदाखदा हसली. मामीनं तोंडाला पदर लावला. पोरगी रिकामी घागर कडेवर घेऊन उभी होती. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं नाही. माझ्या बुटांकडं पाहिलं, बराच वेळ.

तो फॉर्म मॅडमना फार आवडला. डाग, कामाचा बोजा, टाकलेलं मूल, सगळं एकाच घरात. त्यांनी लाल पेन्सिलीनं वर खूण केली. आजीच्या खुरप्याचं मी अर्थात लिहिलं नव्हतं. ते उत्तर नव्हतं, ते माझं बोलणं होतं.

दोन महिन्यांनी दुसरी फेरी. त्याच घरांना पुन्हा जाऊन काय बदललं ते लिहायचं. शिवेजवळच्या गावात एसटीतून उतरलो तर रस्त्यातच पोरगी दिसली. डोक्यावर घागर आणि चाल बदकासारखी. पाय पुरते टेकवत नव्हती, बाहेरच्या कडांवर चालत होती. मला वाटलं काटा भरला असेल.

मामीनं मला पाहिलं आणि तिचं तोंड फुललं. "या मास्तर, या! तुमच्या आजीचा इलाज लागू पडला बगा! आता पान्याशिवाय उंबऱ्याबाहीर पाऊल न्हाई. ए गं, घागर उतर अन् मास्तरला दाव."

पोरीनं घागर उतरवली. जमिनीवर बसली आणि दोन्ही पाय माझ्यासमोर लांब केले, जशी लेकरं शाळेत पाटी दाखवतात. दोन्ही तळव्यांवर खुरप्याच्या पात्याएवढी एकेक पट्टी. उजवी खपली धरत आली होती. डावी उघडीच होती आणि तिच्यात रस्त्याची माती बसली होती.

 मग तिनंच मला विचारलं.

"तुमचं किती दिवसानं बरं झालतं?"

"आठ दिवसांत," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

"मग माझं कामून होईना?"

"घागरीचं पानी सांडतंय ना पायावर सारखं," मामी म्हणाली. "ऊठ. घंगाळ रिकामं हाय."

त्या घरचा फॉर्म मी भरला नाही. तसाच लातूरला आलो. मॅडम लॉजवरच्या खोलीत फॉर्मांचे गठ्ठे ट्रंकेत भरत होत्या. मी सगळं सांगितलं. आजीचं, खुरप्याचं, उजेडात निवडलेल्या जवारीचंही सांगितलं, कारण ते वगळलं असतं तर मग बाकीचं कुठून वगळायचं हे कळलं नसतं.

मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे तुम्ही सांगितलंत म्हणून त्यांनी केलं?"

"हो."

"हे कुठं लिहिलंय का तुम्ही?"

"नाही."

"लिहू नका." त्या ट्रंकेकडं पाहत होत्या. "विचारणाऱ्यामुळंच घरातलं वागणं बदललं असं निघालं, तर तुमचे सगळे फॉर्म बाद करावे लागतील. सगळ्यात चांगले फॉर्म तुमचे आहेत."

"अन् पोरगी?"

"आपण मोजायला आलोय. सोडवायला नाही." मग जरा वेळानं त्यांनीच कागद ओढला आणि चिठ्ठी लिहून दिली. बाई वाईट नव्हत्या. चिठ्ठी चांगली होती. मुलीच्या जिवाला धोका आहे, ताबडतोब चौकशी व्हावी. ट्रंक घेऊन त्या त्याच संध्याकाळच्या गाडीनं गेल्या.

अनाथ, टाकलेल्या, छळलेल्या पोरांची घरचौकशी करून त्यांना रिमांड होममध्ये पाठवायचं की नाही हे ठरवणारे एक साहेब नव्या जिल्ह्याला आले होते. तीन पाट्यांच्या त्याच दाराआड. नशिबानं त्या वेळी खुर्चीची पाळी त्यांचीच होती. चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली.

"गाव आपल्याच जिल्ह्यात आहे ना? शिवेवरचं म्हणता म्हणून विचारतो. गेल्या महिन्यात एक पोरगं आम्ही घेतलं, ते निघालं कर्नाटकाचं. परत नेऊन ठेवावं लागलं."

"आपलंच आहे साहेब."

"आपल्याकडं इमारत नाही अजून. पण उस्मानाबादच्या होमात मुलींची एक जागा आहे. चौकशीत तथ्य निघालं तर त्याच जीपमधून उचलू. परवा जीप चारा छावणीवर चाललीय देवणीला. या तुम्ही."

त्याच जीपमधून! दोन दिवस मला भाकर गेली नाही. म्हणजे गेली, पण चवीनं गेली नाही. जीपमध्ये पोरीला कुठं बसवायचं हेही मी ठरवून टाकलं होतं. पुढं, साहेबांच्या शेजारी, पाय वर घेऊन.

जीप मामाच्या दारात उभी राहिली तेव्हा गाव लोटलं. बाजेवर घोंगडी अंथरली. साहेब पाहुणे. आमच्याकडं ज्याच्या घरावर धाड घालायला गेलात, त्याचाही चहा आधी प्यावा लागतो. न प्यालात तर चौकशी राहते बाजूला आणि अपमान होतो गावाचा. शेळीच्या दुधाचा गुळाचा चहा आला. साहेबांनी बशीत ओतून फुरके मारत पिला. चहा पिलेल्या माणसाचा आवाज आपोआप खाली येतो.

"तुम्ही भाचीला डाग दिलेत अशी तक्रार आहे," साहेब म्हणाले.

"तक्रार कशाची सायेब? इलाज हाय." मामानं सदरा वर केला. "हे बगा. सहा."

"मला पाच," शेजारचा म्हणाला, त्यानंही वर केला.

"आमच्या आप्पाला दावा की! आप्पाच्या पोटावर नवा जिल्हाच काढलाय!" मागून कुणीतरी ओरडलं. एका म्हाताऱ्याला पुढं ढकललं. बघता बघता ओसरीभर सदरे वर झाले, पोटंच पोटं, गोल, लांबट, दुमडलेले डाग, आणि जो तो आपले मोजून दाखवतोय. साहेबांना हसू आवरेना. शेवटी त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि पँटीतून शर्टाचं टोक ओढलं.

"मलाही आहेत दोन," ते म्हणाले. "कावीळ झाली होती."

गाव खूश झालं. साहेब आपला निघाला!

मी मध्येच ओरडलो, "पोटाचं सोडा! तळपायाला डाग कोणत्या रोगाला देतात?"

सगळे थांबले. मामा माझ्याकडं वळला. त्याला राग आला नव्हता, नवल वाटलं होतं.

"ते तुमालाच मालूम मास्तर," तो म्हणाला. "सायेब, ह्या मास्तरनंच तर सांगितलं. ह्यांच्या आजीनं दिलते. तवाच बी.ए. झाले. पुसा गावाला."

"हाव, सांगितलं," चारपाच जण म्हणाले. खरं तेच बोलत होते बिचारे.

"तुमच्या तळपायाला डाग आहेत?" साहेबांनी मला विचारलं.

मी बुटाची नाडी सोडली. मोजा काढला. पाय बाजेवर ठेवला. त्या गावात एवढा गोरा, मऊ, कोरा तळपाय कुणी पाहिला नसेल. एका बाईनं तर बोट लावून पाहिलं. मग जो हशा उठला, त्यानं वळूनं कान टवकारले.

"म्हणजे तुम्ही खोटं बोललात," साहेब म्हणाले.

"तेव्हा खोटं बोललो साहेब. आता खरं बोलतोय."

"आणि चिठ्ठीत जे लिहिलंय ते त्या मॅडमना कुणी सांगितलं?"

"मीच."

साहेबांनी चिठ्ठीची घडी घातली. "मुलीलाच विचारू," ते म्हणाले. "लिहा तुम्ही. तुमचं अक्षर चांगलं आहे, आणि माझा क्लार्क छावणीवर उतरलाय."

पोरीला बोलावलं. अख्ख्या ओसरीच्या मधोमध उभी केली. एका बाजूला मामा, एका बाजूला मामी, मागं गाव. कागद माझ्या मांडीवर. एक पाय बुटात, एक उघडा.

"बाळ, घाबरू नको," साहेब म्हणाले. "इथं तुला कुणी मारतं?"

ती माझ्या उघड्या पायाकडं पाहत होती. तिथून नजर न काढता म्हणाली, "न्हाई."

"पायाला काय झालं?"

 मामी खोकली.

"पोट दुखत होतं," पोरगी म्हणाली.

"बघा, लेकरू खोटं बोलतंय का?" मामा म्हणाला.

"लिहा," साहेब म्हणाले.

लिहायचं काय ते मला पाठ होतं. उत्तर जसंच्या तसं. पदरचं घालायचं नाही. मी लिहिलं, 'पोट दुखत होतं म्हणून.' खालच्या दोन ओळी साहेबांनी सांगितल्या. 'मुलगी पाणी आणण्याइतकी सुदृढ आहे. नातेवाईक सांभाळ करीत आहेत.' पोरीच्या अंगठ्याला शाई लावली. तिनं तो कागदावर नीट दाबला.

साहेब वळू पाहायला अंगणात गेले. गाव त्यांच्यामागं गेलं. मी वाकून मोजा चढवायला लागलो. घाईत तो उलटाच चढत होता. समोर दोन पाय येऊन थांबले, बाहेरच्या कडांवर उभे.

पोरगी खाली बसली. माझ्या तळपायाच्या अगदी जवळ तोंड नेऊन तिनं पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग वर पाहिलं. त्या अंगणात मला खोटं न मानणारं माणूस ते एकच.

"तुमचं तर काईच ऱ्हायलं न्हाई," ती म्हणाली. "डाग बी न्हाई. माझं बी असंच हुईल ना?"

साहेबांनी जीपचा हॉर्न वाजवायला लावला.

"हाव," मी म्हणालो. आणि उलटाच मोजा वर ओढला.